आहार-संवाद: डीएनए अहवाल आला, आता दूध-पोळी सोडू का?

प्रश्न: नमस्कार मॅडम. मी नाशिकला शिक्षिका आहे, वय ४१, वजन ७४ किलो, पूर्ण शाकाहारी. वडिलांना मधुमेह आहे. जिममधल्या ओळखीतून लाळेची डीएनए चाचणी करून घेतली. साठ पानी अहवाल सांगतो की मला दूध पचत नाही, गहू बाधू शकतो, लठ्ठपणाचं जनुक आहे आणि एमटीएचएफआर या जनुकाच्या दोषामुळे साधं फॉलिक ॲसिड चालत नाही. त्यासाठी त्यांच्याच महागड्या गोळ्या सुचवल्या आहेत. दुधाचा त्रास मला कधी झाला नव्हता, तरी दूध आणि पोळी बंद केली. नऊ वर्षांच्या मुलीचंही दूध थांबवलं. तिचीही चाचणी करावी का? बाकी तब्येत ठीक, हल्ली फक्त हातापायांना मुंग्या येतात.

उत्तर: तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. शाकाहार, मुंग्या आणि त्यात दूधही बंद. याच आठवड्यात रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. सोबत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी) करा, कारण घरात मधुमेह आहे आणि मुंग्या त्यामुळेही येतात. दोन्ही रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना भेटा.

पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि मध्यमवर्गीय वस्तीतल्या पुरुषांचं रक्त तपासलं होतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश जणांचं बी-१२ कमी निघालं. शाकाहारी माणसाच्या जेवणात बी-१२ येतं ते मुख्यतः दूध, दही, ताक, पनीर यांतूनच, आणि नेमकं तेच तुम्ही सोडलंत. त्या महागड्या गोळ्या तूर्त बाजूला ठेवा. एमटीएचएफआरमधला तो फरक अगदी सर्रास आढळतो आणि तो असलेल्यांचं शरीरही साधं फॉलिक ॲसिड वापरू शकतं. बी-१२ कमी असताना नुसतं फोलेट (फॉलिक ॲसिड याच गटातलं) घेत राहिलं, तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. मला काळजी आहे ती याची.

दुधाबद्दल अहवालात लिहिलंय ते जनुकापुरतं खरं असेल. लहानपणानंतर दुधातली साखर (लॅक्टोज) पचवणारं लॅक्टेज हे एन्झाइम कमी होणं हे जगातल्या बहुतेक माणसांत होतं. ते मोठेपणीही टिकवणारा जनुकातला बदल आपल्याकडे वायव्य भारतात जास्त सापडतो, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे जावं तसा कमी होतो. पण लॅक्टेज कमी असलेल्यांनाही जेवणाबरोबर कपभर दूध सहसा सोसतं, आणि विरजणातल्या जंतूंनी दही-ताकातली बरीच लॅक्टोज आधीच संपवलेली असते. तुम्ही चाळीस वर्षं दूध पिताय आणि पोट कधी बिघडलं नाही. माझ्या लेखी हा पुरावा त्या साठ पानांहून वजनदार आहे.

गव्हाचंही तसंच. सीलिॲक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार. त्याच्याशी जोडलेली जनुकं जवळपास दर तिसऱ्या माणसात सापडतात, प्रत्यक्ष आजार होतो फार थोड्यांना. जनुक नसेल तर सीलिॲक जवळजवळ बाद करता येतो. असलं तर मात्र त्यावरून काहीच ठरत नाही. शंका असेल तर टीटीजी ही रक्तचाचणी करतात, आणि तीही पोळी खाणं चालू असताना. आधीच गहू सोडला तर ती फसवा निकाल देते.

आता वजन. ‘लठ्ठपणाचं जनुक’ म्हणजे एफटीओ. त्याच्या वजन वाढवणाऱ्या प्रकाराच्या दोन्ही प्रती असणाऱ्यांचं वजन सरासरी तीनेक किलो जास्त असतं, पण आहार-व्यायामाने ते इतरांइतकंच उतरतं. कमी फॅट की कमी कार्ब, हे जनुकं पाहून ठरवता येईल का, याची स्टॅनफर्डमध्ये ६०९ जणांवर वर्षभर चाचणी झाली. २०१८ साली निकाल आला: दोन्ही गटांचं वजन सरासरी पाच-सहा किलो उतरलं, आणि कोणाला कोणता आहार लागू पडेल हे जनुकांवरून कळलं नाही.

आहारात जनुकांना काहीच जागा नाही, असं मात्र समजू नका. माझ्याकडे एक मुलगी आली होती, हिमोग्लोबिन ९.८, वर्षभर लोहाच्या गोळ्या, बीट, खजूर, सगळं करून झालेलं. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) पाहिला तर तांबड्या पेशी आकाराने लहान, पण संख्येने भरपूर. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, उत्तम. हिमोग्लोबिन ए-२ (हिमोग्लोबिनचाच एक प्रकार) तपासायला लावलं, ते ५.२ टक्के, म्हणजे जास्त आलं: थॅलेसेमिया मायनर, हिमोग्लोबिनच्या जनुकातला आनुवंशिक दोष. लोह बंद केलं, आणि लग्नाआधी जोडीदाराची तपासणी का हवी हे तिला नीट समजावलं. आधी लक्षण, मग रक्त आणि त्यातून जनुकाचा प्रश्न, असा हा क्रम असतो. जिममधल्या पाकिटात तो उलटा होतो.

तुमच्या मुलीची डीएनए चाचणी करू नका. तिला काही त्रास नाही, आणि स्वतःच्या जनुकांची माहिती हवी की नको हे ती मोठी झाल्यावर ठरवेल. तिचं दूध मात्र उद्यापासून पुन्हा सुरू करा.