क्लिनिकमधले माजी सैनिक, सिगारेट आणि फोन

तुमचा प्रश्न असा की, अमेरिकेत व्हीएच्या (माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्याच्या) एचआयव्ही क्लिनिकमध्ये तुम्ही नुकत्याच रुजू झालात, बरेच माजी सैनिक सिगारेट ओढतात आणि "एखादं ॲप सांगा" म्हणतात, तर काय सांगायचं?

आधी ॲप बाजूला ठेवा. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, 'अनडिटेक्टेबल' (चाचणीत सापडणार नाही इतकं कमी) आलं की माणसाला लढाई संपली असं वाटतं. डेन्मार्कमधल्या २०१३ सालच्या अभ्यासात एचआयव्हीबाधित धूम्रपान करणाऱ्यांची एचआयव्हीमुळे आयुष्यातली सुमारे ५ वर्षं गेली, सिगारेटमुळे १२. आमच्याकडे एवढं ऐकून लोक गप्प होतात, मग स्वतःहून बोलायला लागतात.

मी सुरुवात 'स्मोकफ्रीव्हेट'पासून करतो, ही माजी सैनिकांना सिगारेट सोडायला मदत करणारी मेसेज सेवा. ४७८४८ वर 'व्हेट' (VET) हा इंग्रजी शब्द पाठवायचा, की रोज मेसेज येऊ लागतात. स्मार्टफोन नसला तरी चालतं, आणि आपले पेशंट तरुण नाहीत. तलफ आली की 'URGE', ओढली तर 'SMOKED' असं इंग्रजीत पाठवायचं, लगेच उत्तर येतं. मला हा दुसरा शब्द जास्त मोलाचा वाटतो. रात्री दोन वाजता ओढलेली सिगारेट माणूस डॉक्टरपासून लपवतो, फोनपासून नाही. पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मागे राहिलेला मानसिक त्रासही असेल, तर 'स्टे क्विट कोच' हे ॲप दाखवा.

याहून नेटाचा प्रकार म्हणजे सिगारेटच्या धुरातून श्वासात येणारा कार्बन मोनॉक्साइड मोजणारं छोटं यंत्र. घरी फुंकायचं, फोनवर व्हिडिओ काढून पाठवायचा, आकडा कमी असेल तर बक्षिसाची रक्कम वाढत जाते. हा वायू शरीरात काही तासांत निम्मा होतो, म्हणून दिवसातून एकदा फुंकून भागत नाही. बक्षीस म्हणजे लाच, असं सहकारी म्हणतील. म्हणू द्यात.

सिगारेट सोडवणारं औषध मात्र सोबत हवंच, नुसत्या मेसेजवर भिस्त ठेवू नका. त्यातलं व्हॅरेनिक्लीन बहुतेक मूत्रपिंडावाटे जसंच्या तसं बाहेर पडतं, त्यामुळे एचआयव्हीच्या गोळ्यांशी सहसा भांडत नाही. ब्युप्रोपिऑन या दुसऱ्या औषधाचं तसं नाही. एचआयव्हीच्या उपचारातलं रिटोनाविर किंवा इफाविरेंझ चालू असेल तर रक्तातलं ब्युप्रोपिऑनचं प्रमाण घटतं. फार्मासिस्टला विचारूनच ते द्या.

आणि हो, पेशंट समोर असतानाच लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करून द्या. क्लिनिककडून काही पाठवणार असाल तर त्यात एचआयव्हीचा उल्लेख चुकूनही नको. घरात कुणाला ठाऊक आहे आणि कुणाला नाही, हे आधी त्यांनाच विचारा.