वरच्या वर्गातली केमिस्ट्री खरंच इतकी अवघड असते का? कशी सांभाळायची?

हो, अवघड असते. खालच्या वर्गात पाठांतरावर निभावून जातं. इथे गणितही लागतं आणि न दिसणारे रेणू डोळ्यांपुढे आणावे लागतात.

सगळ्यात आधी मोल, म्हणजे पदार्थातले कण मोजायचं एकक, पक्का करा. तो कच्चा राहिला की द्रावणं, समतोल, इलेक्ट्रोकेमिस्ट्री सगळीकडे अडतं. स्वतःला तपासून बघा: ४ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन, पाणी किती? २० ग्रॅम म्हणालात तर मोलचा धडा पुन्हा उघडा. हायड्रोजनचा १ मोल २ ग्रॅमचा, ऑक्सिजनचा ३२ ग्रॅमचा; म्हणजे हायड्रोजन २ मोल आहे, ऑक्सिजन अर्धाच मोल. तो १ मोल हायड्रोजनलाच पुरतो. म्हणून पाणी १८ ग्रॅम, आणि २ ग्रॅम हायड्रोजन तसाच उरतो.

ऑरगॅनिकमध्ये, म्हणजे कार्बनच्या संयुगांच्या केमिस्ट्रीत, अभिक्रियांच्या याद्या घोकू नका, कळकळीने सांगतो. इलेक्ट्रॉन कुठे जास्त, कुठे कमी ते बघा आणि ते कुठून कुठे जातात याचे बाण स्वतः काढा. अल्डिहाइड या संयुगात कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, कार्बनवर किंचित धनभार येतो, म्हणून ऋणभार असलेला सायनाइड तिथेच जोडला जातो. हे एकदा दिसलं की कितीतरी अभिक्रिया ओळखीच्या वाटायला लागतात.

इनऑरगॅनिक, म्हणजे बाकीच्या मूलद्रव्यांची केमिस्ट्री, मात्र रोज थोडं थोडं वाचावंच लागतं. आणि सोडवलेलं गणित नुसतं वाचू नका, वही मिटून पुन्हा सोडवा.