प्रश्न तुमचे, उत्तरं आमची : बरिस्ता स्पर्धेची १५ मिनिटं

या वेळची बहुतेक पत्रं बरिस्तांच्या, म्हणजे कॅफेत कॉफी बनवणाऱ्यांच्या, स्पर्धेच्या तयारीबद्दल आहेत, म्हणून सगळी एकत्रच घेतली. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: जागतिक बरिस्ता स्पर्धा २००० साली माँटे कार्लोत सुरू झाली आणि देशोदेशींच्या राष्ट्रीय स्पर्धांचे विजेते तिथे उतरतात. स्पर्धकानं १५ मिनिटांत चव पाहणाऱ्या चार परीक्षकांना १२ पेयं द्यायची असतात: ४ एस्प्रेसो (मशीनच्या दाबानं काढलेली दाट कॉफी), ४ दुधाची पेयं आणि ४ स्वतः रचलेली, म्हणजे सिग्नेचर पेयं. तांत्रिक परीक्षक या वेळात तुमचे हात, फडकी आणि काउंटर पाहतात. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात. चालू वर्षाचं नियमपुस्तक आणि गुणपत्रिका छापून घ्या आणि सरावाच्या टेबलावरच ठेवा.

प्रश्न : सरावात माझी वेळ कायम ४०-५० सेकंदांनी पुढे जाते. हात भरभर चालवूनही फरक पडत नाही. काय करू? (कॅफे कर्मचारी, पुणे)

हात भरभर चालवू नका, बोलणं कापा. १५ मिनिटांनंतर प्रत्येक सेकंदाला १ गुण जातो आणि १६ मिनिटं ओलांडली की स्पर्धक बाद होतो. म्हणजे तुमचे ५० सेकंद ५० गुण खातात. चवीच्या एकेका मुद्द्याला ० ते ६ अशा श्रेणीत गुण मिळतात, हे लक्षात घेतलं तर एवढी तूट चवीनं भरून निघणार नाही हे सहज कळेल.

वेळ बहुतेकदा जाते ती भाषण आणि हातकाम वेगवेगळं पाठ केल्यामुळे. दोन्ही एकत्र आलं की बोलताना हात थांबतो, काम करताना वाक्य अडतं. एका सरावाचं चित्रीकरण करा आणि तोंड चालू पण हात रिकामे अशा जागा मोजा. साधारण तीसचाळीस सेकंद तिथेच सापडतील.

एका डबल बास्केटमधून (दोन कपांची पूड मावणारी जाळीची वाटी) दोन कप धरले तर १२ पेयांसाठी ६ पोर्टाफिल्टर (ही वाटी धरणारे मुठीचे भाग) भरावे लागतात. दर वेळी ग्राइंडर (दाणे दळायचं यंत्र) ८-१० सेकंद चालतो, म्हणजे जवळजवळ एक मिनिट तुमचा आवाज परीक्षकांपर्यंत पोचणारच नाही. त्या वेळात महत्त्वाचं वाक्य ठेवू नका, गप्प राहा. एकूण भाषण ९०० शब्दांच्या आत आणा. आम्ही सुचवतो ते टप्पे असे: ओळख १ मिनिटात संपवा, पहिली फेरी साडेचार मिनिटांपर्यंत टेबलावर, दुसरी नऊपर्यंत, तिसरी चौदाच्या आत. सरावात १४ मिनिटं १५ सेकंदांना संपत असेल तरच मंचावर १५ मिनिटं पुरतात, कारण परीक्षकांकडे पाहणं, कप ठेवायला वाकणं, पाण्याचा ग्लास सरकवणं यातले सेकंद घरी मोजले जात नाहीत.

भाषणातले दोन परिच्छेद 'गाळता येतील असे' म्हणून आधीच ठरवा. शॉट, म्हणजे मशीनमधून एका वेळी काढलेला एस्प्रेसो, बिघडला तर तो टाकून नवा काढायला मिनिटभर लागतं, ते मिनिट याच परिच्छेदांतून यायला हवं. आमचं मत असं, की दहाव्या मिनिटाच्या आत बिघडलेला शॉट टाकावा, कारण एक डबल शॉट दोन परीक्षकांसमोर जातो आणि दोघांकडचे गुण घालवतो. त्यानंतर मात्र हातात किती सेकंद आहेत ते पाहूनच ठरवा. शेवटी हात वर करून 'टाइम' म्हणायला विसरू नका. घड्याळ त्यावरच थांबतं.

प्रश्न : एक शॉट २६ सेकंदांत येतो, पुढचा ३१ला. कधी वेळ जुळते, पण दोन कपांत कॉफी कमीजास्त पडते. ग्राइंडर बदलावा का? (बरिस्ता, ठाणे)

आधी नोंद करा, मग खर्च. सलग १० शॉट काढा. प्रत्येकाची मात्रा, म्हणजे भरलेल्या पुडीचं वजन, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजा, दोन्ही कप वेगवेगळे तोला आणि सेकंद लिहा. समजा मात्रा २० ग्रॅम आहे आणि दोन कपांत मिळून ४० ग्रॅम कॉफी हवी. दहा ओळी लिहून झाल्या की दोष कुठे आहे ते आकडेच सांगतात.

वेळ एकाच दिशेनं सरकत असेल, म्हणजे २६, २७, २९, ३० अशी, तर दोष ग्राइंडरच्या तापण्यात शोधा. पाती आणि दाणे गरम झाले की दाणा वेगळ्या प्रकारे फुटतो. हॉपरमध्ये (ग्राइंडरवरच्या डब्यात) भरपूर दाणे ठेवण्याऐवजी प्रत्येक मात्रा आधी तोलून नळीत भरा आणि दोन दळणांमध्ये सरावातही तेवढंच अंतर ठेवा जेवढं मंचावर असेल.

वेळ वरखाली उड्या मारत असेल तर दोष हातात आहे. सगळ्यात जास्त सापडणारं कारण म्हणजे ओली बास्केट. आत थेंब राहिला की पूड तिथे गोळा होते, पाणी कडेनं वाट काढतं आणि चॅनलिंग होतं. कोरड्या फडक्यानं पुसणं हा तांत्रिक परीक्षकांच्या यादीतला मुद्दाही आहे. त्यामुळे इथे आळस केला तर चव आणि गुण दोन्ही जातात. दुसरं कारण पुडीतले गोळे. बारीक सुयांच्या साधनानं तळापासून ढवळा, मग वरची पातळी सारखी करा, मग टॅम्प करा, म्हणजे पूड दाबून बसवा. टॅम्पचा जोर थोडा कमीजास्त झाला तर फार बिघडत नाही. टॅम्प तिरका झाला तर बिघडतं. तिसरं कारण म्हणजे दळणाची जाडी बदलल्यावर ग्राइंडरच्या आत अडकलेली जुनी पूड. जाडीचं चाक फिरवलं की ५ ते ८ ग्रॅम दळून टाकून द्या, नाहीतर पुढचा शॉट अर्धा जुन्या जाडीचा असतो.

वेळ बरोबर पण कप असमान, असं असेल तर मशीनवर गवंड्याकडची पाणसळ ठेवून पाहा. काउंटर किंचित कललेला असला तरी एका तोटीतून जास्त पडतं. मशीन सपाट निघाली तर तिरका टॅम्प किंवा तोटीच्या आत चिकटलेला कॉफीचा थर, या दोहोंपैकी एक कारण असतं.

तांत्रिक गुणांत शॉटच्या वेळांमधला फरक ३ सेकंदांच्या आत हवा, असा निकष बरीच वर्षं आहे. तुमचा फरक ५ आहे, म्हणजे फार दूर नाही. दहाही शॉटच्या वेळांमधला फरक २ सेकंदांच्या आत येईपर्यंत भाषणाचा सराव सुरूच करू नका. पावसाळ्यात मुंबई-ठाण्याची दमट हवा पुडीला लगेच लागते. पाकीट उघडून तासभर ठेवलेल्या दाण्यावरून काढलेले निष्कर्ष वातानुकूलित सभागृहात चुकतात. तिथे उलट हवा कोरडी असते आणि पूड उडते. दळण्याआधी दाण्यांवर पाण्याचा एक बारीक फवारा मारला की स्थिर वीज कमी होते.

प्रश्न : महागडी पनामा गेशा (पनामातला नावाजलेला कॉफीचा वाण) घेतल्याशिवाय अंतिम फेरी गाठता येते का? भारतीय कॉफी चालेल का? (नाशिक)

चालेल. गुणपत्रिकेत किमतीचा रकाना नाही. तुम्ही सांगितलेली चव कपात सापडते का, याला गुण आहेत. 'संत्रं, मध, काळा चहा' असं म्हटलंत आणि परीक्षकाला फक्त मध लागला, तर तीन शब्द बोलून दोन गमावलेत. दोनच शब्द बोला, पण दोन्ही सापडले पाहिजेत.

गेशा घेतली तरी ती कशी पिकली आणि कशी प्रक्रिया झाली हे कपाशी जोडून सांगावं लागतं. २०१५चा विजेता ऑस्ट्रेलियाचा साशा सेस्टिक यानं सुदान रुमे वाण वाइन उद्योगातल्या कार्बनिक मॅसरेशन पद्धतीनं (बंद टाकीत कार्बन डायऑक्साइड भरून) आंबवलेला वापरला होता आणि त्या पद्धतीमुळे चवीत काय बदललं हे परीक्षकांना कपातच दाखवलं. चिकमगळूर किंवा कूर्गच्या मळेवाल्याकडे तुम्ही रात्रीच्या गाडीनं पोचू शकता, कापणीच्या दिवसांत उभं राहू शकता. ही सोय परदेशी दाणा विकत घेणाऱ्याला नाही. सिलेक्शन ९ किंवा एस ७९५ या वाणांचे नॅचरल (अख्ख्या फळासकट वाळवलेले) आणि हनी (साल काढून गरासकट वाळवलेले) लॉट मागवून एकाच टेबलावर चाखा.

चवीचे शब्द निवडताना एक काळजी घ्या. आपल्याला जांभूळ, करवंद, रातांबा पटकन आठवतात आणि ते खरेही असतात. पण परीक्षक बाहेरचा असेल तर त्याला ते शोधता येत नाहीत. 'जांभूळ, म्हणजे काळ्या प्लमच्या सालीसारखा तुरटपणा' असं जोडीनं सांगा.

किती घ्यावी: मंचावर ६ मात्रा म्हणजे १२० ग्रॅम लागतात, जाडी जुळवण्यासकट २५० ग्रॅम धरा. पूर्ण सराव तीस वेळा करायचा तर साडेसात किलो भाजलेली कॉफी हवी. भाजताना साधारण १५ टक्के वजन घटतं, म्हणून ९ किलो कच्चा दाणा घ्या. हलकी भाजलेली कॉफी एस्प्रेसोसाठी १० ते १४ दिवस मुरू द्या. ताज्या दाण्यातला कार्बन डायऑक्साइड पाण्याला नीट भिजू देत नाही आणि शॉट फेसाळ, आंबट लागतो. स्पर्धेसाठी तीन दिवसांच्या अंतरानं दोन घाणे भाजा. एक दगा देईल तेव्हा दुसरा हाताशी असतो.

प्रश्न : सिग्नेचर पेयात कोकम आणि गूळ वापरायचा विचार आहे. दुधासोबत फाटतं. (रत्नागिरी)

फाटणारच. कोकमाच्या आंबटपणानं दुधातलं केसीन हे प्रथिन गोळा होतं. दूध काढून टाका. हे पेय थंड आणि बिनदुधाचंच चांगलं होईल. चार कपांसाठी सुरुवातीचं प्रमाण असं धरा: बिनमिठाची कोकमं ५ ग्रॅम, ८० अंशांचं पाणी १०० मिलि, ५ मिनिटांनी गाळायचं. गूळ आणि पाणी समभाग घेऊन केलेला पाक १५ ग्रॅम. चार एस्प्रेसो एका धातूच्या भांड्यात घेऊन बर्फाच्या पाण्यात ठेवून गार करायचे. बर्फ पेयात टाकू नका. वितळून चव पातळ होते आणि पहिला कप व चौथा कप वेगळे लागतात.

कोकमाचं पाणी एकदम ओतू नका, ४० मिलिपासून वाढवत चाखा. कॉफी मागे पडली की थांबा, कारण पेयात एस्प्रेसो ठळक लागणं हा मुख्य निकष आहे. बाजारातलं आमसूल बहुधा खारवलेलं असतं आणि मिठामुळे कॉफीचा कडवटपणा दबतो. ते मुद्दाम हवं असेल तर ठीक, पण मग तसं सांगा. काळा गूळ कॉफीवर मात करतो, पिवळा घ्या. मद्य किंवा मद्यार्काचा अर्क चालत नाही. सगळ्या घटकांची यादी आणि मूळ बाटल्या-पुड्या सोबत न्या, विचारलं तर दाखवता आल्या पाहिजेत.

प्रश्न : दूध कोणतं आणि किती तापवायचं? (कोल्हापूर)

५५ ते ६० अंश. त्यापुढे, ७०च्या जवळ, दुधाला शिजल्याचा वास येतो आणि गोडवा झाकला जातो. पाकिटातलं फुल क्रीम दूध ६ टक्के स्निग्धांशाचं असतं. त्यात कॉफीची फळांची चव दबते. टोन्ड ३ टक्क्यांचं, ते पातळ पडतं. दोन्ही मिसळून साडेतीन ते चार टक्क्यांवर आणून पाहा. पूर्वी फक्त गायीचं दूध चालायचं, २०२३पासून जागतिक स्पर्धेत वनस्पतिजन्य दूधही चालतं. गोठवून घट्ट केलेलं दूधही स्पर्धक वापरतात: २ लिटर गोठवायचं, उपडं ठेवून वितळणारं पहिलं १ लिटर घ्यायचं. साखर आणि प्रथिनं आधी उतरतात, म्हणून ते गोड लागतं. पण त्याचा फेस लवकर जाड होतो, हवा नेहमीच्या निम्मीच द्या. स्टीम वाँड (दूध तापवायची वाफेची नळी) आधी आणि नंतर मोकळी सोडून पुसणं तांत्रिक परीक्षक दर वेळी पाहतात.

प्रश्न : इंग्रजी बोलताना अडखळतो. (सोलापूर)

जागतिक स्पर्धेत दुभाषा चालतो, मात्र त्यासाठी जादा वेळ मिळत नाही. राष्ट्रीय फेरीसाठी आयोजकांना नोंदणीच्या वेळीच लेखी विचारा. इंग्रजीतच बोलायचं असेल तर सात-आठ शब्दांपेक्षा लांब वाक्य ठेवू नका, आणि कप कसा प्यायचा ही सूचना (किती वेळा ढवळायचं, किती घोट घ्यायचे) सगळ्यात आधी पक्की करा. ती चुकली तर परीक्षक वेगळ्याच चवीला गुण देतात.

प्रश्न : आमच्या गावात एस्प्रेसो मशीनच नाही. मला स्पर्धेत उतरता येईल का? (चिखलदरा)

तुमच्या गावाच्या आसपास कॉफी पिकते, महाराष्ट्रात ही गोष्ट विरळाच. तुम्ही कप टेस्टर्स स्पर्धेकडे वळा. तीन कपांचे ८ संच मांडलेले असतात, प्रत्येकात दोन कप सारखे आणि एक वेगळा. ८ मिनिटांत वेगळा ओळखायचा. बरोबर उत्तरं जास्त तो पुढे, बरोबरी झाली तर कमी वेळ घेणारा पुढे.

घरी सराव करायला किटली, काटा आणि २४ सारखे कप पुरतात. लिटरला ६० ग्रॅम कॉफी, पाणी ९२ ते ९४ अंश. कॉफी कोमट झाल्यावर चाखा, गरम असताना फरक लपतो. घरच्या कुणाला तरी वेगळ्या कपाच्या बुडाला खूण करायला सांगा. पाकिटावर चिकोरी लिहिली असेल तर ते घेऊ नका. पहिला आठवडा अरेबिका आणि रोबस्टा, दुसरा आठवडा दोन अरेबिका, तिसरा आठवडा एकाच मळ्याचे दोन लॉट. चमच्यानं जोरात सुर्रकन ओढा, तिन्ही कप एका दमात चाखा आणि थुंका. एकदाच मागे वळायची मुभा स्वतःला द्या, कारण तिसऱ्यांदा चाखताना जीभ आधीच्या चवीनं माखलेली असते. ८ पैकी ६ बरोबर सलग तीन दिवस आले की घड्याळ लावायला सुरुवात करा.