मिरचीच्या कर्जातून औषधांचे किट घेऊ नका

प्रश्न (गोव्यातील पेडणे तालुक्यातील स्वयंसहाय्य गटाच्या तिघीजणींचा): गटातून प्रत्येकीला २० हजारांचे कर्ज मिळते आहे. भात कापून झाल्यावर मिरची लावायची आहे. दुकानदार म्हणतो, आठ हजारांचे औषधांचे किट आताच न्या, कमी पडले तर उधार देतो. शेत सासऱ्यांच्या नावावर आहे. किसान क्रेडिट कार्ड मिळेल का?

उत्तर: किट नको. रोप अजून गादीवाफ्यावर नाही आणि चुरडामुरड्याचे (पाने आकसून वळण्याचे) औषध विकून मोकळे! पाने वर वळली तर बहुधा फुलकिडे, खाली वळली तर कोळी नावाची बारीक कीड. शेंडा पांढऱ्या कागदावर झटकून बघा, मग औषध ठरवा. कोळी असताना इमिडाक्लोप्रिड (रस शोषणाऱ्या किडींवरचे औषध) मारले तर कोळी मरत नाहीतच, उलट वाढतात. दरवर्षी हेच बघतो, आणि बाटली बहुतेक वेळा दुकानदाराच्याच सल्ल्याने आलेली असते.

सुरुवात निंबोळी अर्काने करा, पाच टक्के, संध्याकाळी. कोळ्यांना पाण्यात मिसळणारे गंधक, लिटरला ३ ग्रॅम. ४ नाही, ५ तर नाहीच. भर उन्हात मारू नका, पाने करपतात. निंबोळी तेल फवारले असेल तर पुढचे दोन आठवडे गंधक नको. दोन-तीन औषधे एकाच पंपात कालवू नका, दुकानदाराने सांगितले तरी. आणि झाड काळेशार दिसावे म्हणून युरिया ओतू नका. कोवळ्या पानांवरच किडी तुटून पडतात.

कर्ज चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी, उचलू नका. लावणी नोव्हेंबरात, पैसे ऑगस्टात आले तर माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची सजावट) आणि बाजारात जातात, व्याज मात्र चालूच. कापणी आटोपली, वाफे तयार झाले की उचला.

माझे ऐकाल तर सगळ्या शेतात मिरची लावू नका. अर्ध्या शेतात भाताच्या ओलीवर आळसांदे (चवळी) पेरा, बियाण्याला रायझोबियम (हवेतला नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू) चोळून. खर्च थोडा, युरिया जवळजवळ नाहीच, जमीनही सुधारते. बांधाजवळ चार वाफे तांबडी भाजी (लाल माठ) टाका; महिन्याच्या आत काढायला येते, पहिला हप्ता तिच्यावर निघतो. मिरची तोड्याला येईपर्यंत बँक थांबत नाही.

कार्डाचे थोडक्यात: तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला ७ टक्के व्याज, वेळेवर फेडल्यास ४. दोन लाखांपर्यंत तारण नाही. जमीन नावावर नसली तरी कूळ, तोंडी कराराने शेत कसणारे खंडकरी आणि गटही पात्र आहेत. एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा कागद), आधार, पासबुक घेऊन विभागीय कृषी कार्यालयात या, कृषी कार्डाचेही (राज्याच्या शेती योजनांसाठीचे वेगळे कार्ड) त्याच फेरीत करून घ्या.

उधार घेऊच नका. रोख द्या, पक्के बिल मागा. बिल नाही म्हणाला तर दुसरे दुकान. पाने वळलेली दिसली की फांदी पिशवीत घालून आधी आमच्याकडे आणा, सकाळीच. दुपारी कोमेजलेल्या फांदीवर कीड शोधून सापडत नाही.