बुद्धिबळ इंजिनांची स्पर्धा भरवू पाहणाऱ्यास

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय विद्यार्थिमित्रास,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील अभियांत्रिकीच्या मुलामुलींनी स्वतः लिहिलेल्या बुद्धिबळ इंजिनांची, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामची, ऑनलाइन स्पर्धा भरवायची आणि कोल्हापूर, धारवाड, हुबळीकडच्यांनाही तीत घ्यायचे, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. बक्षिसे, प्रायोजक आणि उद्घाटन यांविषयी तू बरेच लिहिले आहेस; त्यांत मी पडत नाही. स्पर्धा न्याय्य कशी ठेवावी, हे तू शेवटच्या दोन ओळींत विचारले आहेस आणि माझ्या दृष्टीने साऱ्या पत्रात तोच प्रश्न मोठा आहे.

आपल्याकडच्या यात्रेतील कुस्तीचे मैदान तू लहानपणापासून पाहत आला आहेस. जोड लावताना वस्ताद मंडळी वजन आणि तयारी पाहतात, दोघांना माती एकच असते, आणि पाठ टेकली की नाही हे पंच वाकून स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. इंजिनांच्या डावात पंचाला असे काहीच दिसत नाही. प्रोग्राम आत विचार करतो आणि पंचाच्या हाती केवळ चाल येते. म्हणून जो हरला तो खेळात कमी पडल्यामुळे हरला, की संगणक, नेट, वीज किंवा आपण दिलेली सुरुवात यांपैकी कशामुळे हरला, ही शंकाच उरू नये असा बंदोबस्त संयोजकाला पहिली चाल होण्यापूर्वी करावा लागतो.

प्रत्येकाने आपला प्रोग्राम आपल्याच घरच्या संगणकावर चालवावा आणि चाली नेटवरून पाठवाव्यात, असे तू सुचवले आहेस. ते करू नकोस. समज, एका मिनिटाचा डाव आहे आणि प्रत्येक चालीमागे एक सेकंद वाढवून मिळतो. 80 चालींच्या डावात प्रत्येकाला एकूण 140 सेकंद मिळतात. खानापूरच्या पलीकडे जंगलपट्ट्यात राहणाऱ्या मुलाच्या नेटमुळे चालीमागे 0.3 सेकंद गेले, तर त्याचे 24 सेकंद, म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा, विचार न करताच संपतात. शिवाय एकाकडे वडिलांनी घेऊन दिलेला महागडा संगणक आणि दुसऱ्याकडे जुना लॅपटॉप असेल, तर आपण प्रोग्रामची नव्हे, घरच्या परिस्थितीची परीक्षा घेत आहोत. तेव्हा प्रोग्राम जमा करून घेणे आणि डाव लोकांना थेट दाखवणे एवढेच ऑनलाइन ठेव. खेळणे मात्र सगळ्यांचे एकाच संगणकावर होऊ दे. 2010 पासून चालत आलेल्या टीसीईसी या इंजिनांच्या नामांकित स्पर्धेतही डाव संयोजकांच्याच यंत्रणेवर होतात. यूसीआय या इंजिनांच्या ठरलेल्या संदेशपद्धतीने बोलणारा कोणताही प्रोग्राम, इंजिनांचे डाव लावून देणाऱ्या क्यूटचेससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लावता येतो, त्यामुळे खर्चाचाही प्रश्न नाही.

एकच संगणक घेतला म्हणजे काम झाले, अशी माझीही एकदा समजूत होती आणि तिचा भुर्दंड एका मुलाला बसला. काही वर्षांपूर्वी मी अशीच एक लहान स्पर्धा घेतली. चार कोअरच्या, म्हणजे प्रोसेसरमध्ये काम करणारे चार स्वतंत्र भाग असलेल्या, संगणकावर मी एका वेळी चार डाव लावले आणि प्रत्येक प्रोग्रामला दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी धावणारे कामाचे दोन धागे, दिले. वेळ वाचेल, एवढाच विचार मी केला. रात्री एका डावात एक संपूर्ण हत्ती वर असलेला प्रोग्राम वेळ संपून हरला आणि मी तसा निकाल लावून टाकला. दुसऱ्या दिवशी त्या मुलाने अत्यंत नम्रपणे लॉगची, म्हणजे डावाच्या क्षणाक्षणाच्या नोंदींची, फाइल मागितली. आम्ही दोघांनी ती ओळीओळीने वाचली. शेवटच्या चालीपूर्वी त्याच्या घड्याळात 1.9 सेकंद शिल्लक होते. प्रोग्रामने प्रोसेसरवर प्रत्यक्षात खर्च केलेला वेळ 1.2 सेकंदच होता, पण त्याची चाल पोहोचेपर्यंत 1.9 सेकंदांची मर्यादा उलटून गेली होती. मधला वेळ तो कोअर मोकळा होण्याची वाट पाहत ताटकळला होता, कारण प्रत्येक डावात एका वेळी एकच बाजू विचार करत असली तरी चार कोअरवर मी आठ थ्रेड धावायला सोडले होते. तोवर बक्षिसे वाटून झाली होती. मी त्याची क्षमा मागितली आणि निकाल जाहीरपणे दुरुस्त केला, पण त्याचा अंतिम फेरीचा डाव मला परत देता आला नाही. ते शल्य अजून आहे.

म्हणून चार कोअर असतील तर एका वेळी तीनच डाव लाव, प्रत्येक प्रोग्रामला एकच थ्रेड दे, आणि चौथा कोअर संगणकाच्या स्वतःच्या कामासाठी मोकळा सोड. प्रतिस्पर्ध्याच्या वेळेत विचार करण्याची सोय सर्वांची बंद ठेव. अन्यथा हेच हिशेब पुन्हा बिघडतात. हॅशची, म्हणजे तपासलेल्या पटस्थिती लक्षात ठेवण्याची, मेमरी सर्वांना सारखी दे. उन्हाळ्यात फेऱ्या घेणार असशील तर उष्णतेकडेही लक्ष असू दे: सकाळी सेकंदाला 18 लाख पटस्थिती तपासणारा प्रोग्राम एप्रिलमधल्या दुपारी 13 लाखांवर आलेला मी पाहिला आहे, कारण प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग उतरवतो. प्रत्येक फेरीपूर्वी एकच ठरलेली चाचणी चालवून तो आकडा वहीत टिपून ठेव.

परिस्थितीचे हे तपशील क्षुल्लक वाटतील, पण मोठमोठ्यांचे वाद त्यांवरूनच झाले आहेत. डिसेंबर 2017 मध्ये अल्फाझीरो या प्रोग्रामने स्टॉकफिश या नामांकित इंजिनाविरुद्ध 100 डावांत 28 विजय आणि 72 बरोबऱ्या मिळवल्या, एकही डाव गमावला नाही. तरीही जाणकारांनी लगेच आक्षेप घेतला की, स्टॉकफिशला फक्त 1 जीबी हॅश आणि प्रत्येक चालीला ठरावीक एक मिनिट देण्यात आले होते, त्यामुळे अवघड जागी अधिक वेळ घेण्याचे त्याचे कौशल्य वापरलेच गेले नाही. पुढे डिसेंबर 2018 मध्ये 1000 डावांचा निकाल प्रसिद्ध झाला, त्यात प्रत्येक बाजूला तीन तास आणि चालीमागे 15 सेकंद होते; अल्फाझीरो 155 डाव जिंकला आणि 6 हरला. विजेता तोच राहिला, पण विश्वास दुसऱ्या निकालावर अधिक बसला.

आता सुरुवातीच्या चालींविषयी. मूळ मांडणीपासून बलवान प्रोग्राम खेळवले तर बहुतेक डाव बरोबरीत सुटतात, आणि एका थ्रेडवर चालणारे काही प्रोग्राम तर तोच डाव जसाच्या तसा पुन्हा खेळतात, म्हणजे एकच निकाल आपण दोनदा मोजतो. त्यासाठी पहिल्या काही चाली आपण ठरवून द्याव्यात, आणि प्रत्येक सुरुवात त्याच जोडीला दोनदा द्यावी, एकदा पांढऱ्या मोहऱ्यांनी आणि एकदा काळ्या. मग सुरुवात पांढऱ्याकडे झुकलेली असली तरी चालते; दोन्ही वेळा पांढरा जिंकला तर हिशेब आपोआप सारखा होतो. कोणत्या सुरुवाती वापरणार हे मात्र प्रोग्राम जमा करण्याची मुदत संपल्यावरच जाहीर कर, आणि त्या निवडणारा माणूस स्वतः स्पर्धक नसावा.

निकालाचा अर्थ किती लावायचा, याबद्दल मी तुझ्याकडून विशेष काटेकोरपणाची अपेक्षा करतो. 100 डावांपैकी निम्मे बरोबरीत सुटतात असे धरले, तर दोन तुल्यबळ प्रोग्राममध्येही निव्वळ योगायोगाने दोन्ही दिशांना सुमारे 48 एलो गुणांपर्यंत (एलो म्हणजे खेळाचे बळ मोजण्याचे माप) फरक दिसू शकतो. 55 विरुद्ध 45 हा निकाल साधारण 35 एलोंचा फरक दाखवतो, म्हणजे तो योगायोगाच्या हद्दीतच बसतो. हीच हद्द 5 एलोंपर्यंत खाली आणायची तर डाव 10,000 लागतात. स्टॉकफिशचे लोक 2013 पासून एकेका बारीक सुधारणेसाठी स्वयंसेवकांच्या संगणकांवर हजारो डाव खेळवतात, ते याच कारणाने. तू सात फेऱ्यांची स्विस स्पर्धा, म्हणजे प्रत्येक फेरीत साधारण सारख्या गुणांच्या जोड्या लावणारी, घेतलीस तर विजेता मिळेल, पण ‘सीमाभागातील सर्वांत बलवान इंजिन’ असे प्रमाणपत्रावर छापण्याचा अधिकार मिळणार नाही. त्यापेक्षा साखळी पद्धत घे. 12 प्रोग्राम आले तर 66 जोड्या होतात आणि प्रत्येकीला 100 डाव दिले तर 6,600. दहा सेकंदांचा, चालीमागे 0.1 सेकंद वाढणारा डाव साधारण 36 सेकंदांत संपतो, तेव्हा एका वेळी तीन डाव लावून हे सगळे एका दिवसरात्रीत उरकते. प्रेक्षकांसाठी पहिल्या दोघांचा सावकाश वेळेचा सामना नंतर घे. सामन्याची लांबी मात्र आधी जाहीर कर आणि मग तीत एका डावाचीही भर घालू नकोस. आपल्या आवडीचा प्रोग्राम मागे पडला की ‘आणखी दहा डाव पाहू’ असे म्हणावेसे वाटते.

डाव मध्येच थांबवायचा असेल तर तो तुझ्या मतावर थांबवू नकोस. पटावर पाच किंवा त्याहून कमी मोहरी उरली की सिझिजी टेबलबेस, म्हणजे डावाच्या अखेरच्या पटस्थितींचे आधीच काढून ठेवलेले निकाल असलेला संच, अचूक निकाल सांगतो, तो 50 चालींचा नियमही विचारात घेतो, आणि पाच मोहऱ्यांपर्यंतचा संच 1 जीबीतही मावतो. सात मोहऱ्यांच्या संचाला 18 टीबीच्या आसपास जागा लागते. त्याच्या नादी लागू नकोस.

सर्वांत नाजूक विषय दुसऱ्याचा कोड वापरण्याचा आहे. 2011 मध्ये आयसीजीए या संगणकीय खेळांच्या संघटनेने रिबका हा प्रोग्राम क्राफ्टी आणि फ्रूट या दुसऱ्या दोन इंजिनांवरून घेतलेला आहे असा निर्णय देऊन त्याची जगज्जेतेपदे काढून घेतली आणि त्यावरचा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. स्टॉकफिशचा कोड जीपीएल परवान्याने खुला आहे, त्यामुळे त्याच्या अटी पाळून तो वापरणे कायदेशीर आहे; पण कायदेशीर असणे आणि ‘स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामच्या’ स्पर्धेत पात्र असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ कोड जमा करायला सांग आणि चाली तयार करणारा भाग, शोधाचा भाग व पटस्थिती जोखणारे न्यूरल नेटवर्क यांपैकी काय कोठून घेतले, हे प्रत्येकाकडून लिहून घे. शंका आली तर आधी त्या मुलाला एकांतात बोलावून त्याचे म्हणणे ऐक. एकोणीस वर्षांच्या मुलावर चोरीचा शिक्का मारणे सोपे असते आणि तो पुसणे फार कठीण.

नियम मराठी, कानडी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत एकाच दिवशी जाहीर कर. तुझ्या मसुद्यात ‘बंद पडल्यास डाव पुन्हा खेळवला जाईल’ असे वाक्य आहे. काय बंद पडल्यास? प्रोग्राम स्वतःच्या चुकीने कोसळला तर तो हरला पाहिजे. वीज गेली किंवा आपला संगणक अडखळला तर डाव पहिल्यापासून, त्याच सुरुवातीने आणि त्याच रंगांनी खेळवला पाहिजे, मग कोणी जिंकत आलेला का असेना, कारण हॅशमध्ये साठलेला विचार विजेबरोबर गेलेला असतो. पावसाळ्यात आपल्याकडे हा नियम कागदावर राहणार नाही. हुबळीच्या मुलाला तो कानडीतून आणि निपाणीच्या मुलीला मराठीतून वाचून एकच अर्थ लागला पाहिजे.

सुधारलेला मसुदा तयार झाला की माझ्याकडे पाठव. आमच्या शेजारी कानडीचे निवृत्त शिक्षक राहतात, त्यांच्याकडून कानडी मजकूर मोठ्याने वाचून घेऊन तो मी मराठीशी ओळीओळीने ताडून पाहतो. संगणक जागेवर आला की कळव. एकाच प्रोग्रामच्या दोन प्रती समोरासमोर लावून 200 डावांची पहिली चाचणी आपण दोघे मिळून घेऊ, आणि त्यात एकही डाव वेळ संपून गेला, तर नोंदणी सुरू करण्यापूर्वी त्याचे कारण शोधू.

तुझा,
सर