ताप आला, तर आधी कुठे?

प्रश्न : आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. ताप, हगवण, खोकला झाला की सगळे तालुक्याला जाऊन सलाईन लावून घेतात. हे गरजेचं आहे का?

उत्तर : बहुतेक वेळा नाही. सलाईन म्हणजे मीठ-पाणी किंवा साखर-पाणी. तोंडाने पिता येत असेल तर नळी कशाला?

हगवणीला आशाताईंकडून ओआरएस घ्या. मोठं पाकीट 1 लिटर पाण्यात एकदम विरघळवा आणि 24 तासांत संपवा. थोडी पूड अर्ध्या ग्लासात टाकली की प्रमाण चुकतं, हे घरोघरी होतं. लहान मुलांना सोबत झिंक 14 दिवस, जुलाब थांबले तरी.

ताप असेल तर गोळीआधी रक्ततपासणी. मलेरियाची तपासणी आशाताई किंवा उपकेंद्रात होते. पावसाळा सरता सरता शेतात, गवतात काम करणाऱ्याला ताप आला तर काख, जांघ, कंबरपट्टा नीट पाहा. विडीचा चटका बसल्यासारखा काळा, न दुखणारा डाग दिसला तर स्क्रब टायफसची (गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणाऱ्या तापाची) शंका. थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना तो दाखवा. डाग नसला तरी शंका मिटत नाही. नेहमीच्या पेनिसिलीन गटाच्या औषधांनी हा ताप हटत नाही, डॉक्सीसायक्लीन लागते.

सर्दी-खोकल्याला उपकेंद्र पुरे; खोकला दोन आठवड्यांवर गेला तर क्षयरोगासाठी थुंकी तपासा.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. धाप, झटके, बेशुद्धी असेल तर मात्र 108.