वाचक विचारतात : कड्यातले थर, विहिरीतले स्फटिक आणि कातळाचे खांब

प्रश्न : सहलीत मुलांना घाटातले लाव्ह्याचे थर मोजायला सांगणार आहे. डोंगराचा एक टप्पा म्हणजे एक प्रवाह, असं शिकवलं तर चालेल का?
— एक शिक्षिका, जुन्नर

उत्तर : नाही. टप्प्यावरून कठीण खडक कुठे आहे एवढंच कळतं, प्रवाह किती ते कळत नाही. पाहोएहो प्रकारचा लाव्हा जिभेसारखा पुढे सरकतो. वर दुधासारखी साय धरते, आतून लाव्हा येतच राहतो आणि जीभ फुगते. एका प्रवाहात अशा अनेक जिभा एकमेकींवर चढलेल्या असतात. मुलांना जीभ ओळखायला शिकवा, प्रवाहांचा आकडा राहू द्या. तळाशी पेन्सिलीसारखी उभी, नळीवजा छिद्रं दिसतात, मध्ये घट्ट काळा पाषाण असतो आणि वर छिद्राछिद्रांचा, पांढरे ठिपके भरलेला खडक, ज्याला मांजऱ्या म्हणतात. हा क्रम पुन्हा तळापासून सुरू झाला की दुसरी जीभ. आआ या दुसऱ्या प्रकारच्या लाव्ह्यात मात्र घट्ट गाभ्यावर तुटक्या, खडबडीत तुकड्यांचा थर असतो.

गेरूसारखा लाल पट्टा दोन प्रवाहांमधली विश्रांती दाखवतो. पण प्रत्येक विश्रांतीत तो तयार होतोच असं नाही, म्हणून फक्त लाल पट्टे मोजले तर प्रवाह कमी भरतात. कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल धोंडे ज्वालामुखीने फेकलेले नसतात. भेगांतून पाणी शिरतं, चौकोनी ठोकळ्याचे कोपरे आधी कुजतात आणि आत गोल गाभा उरतो.

एक सूचना : रस्त्यासाठी कापलेल्या दरडीखाली मुलांना उभं करू नका. लाल थर मऊ असतो. तो झिजला की वरचा पाषाण अधांतरी लटकतो आणि उभ्या भेगांवर सुटून खाली येतो. उन्हाळ्यातलं कोरडं ओढ्याचं पात्र जास्त सोयीचं.

प्रश्न : लोणार हे दख्खनचा लाव्हा ओतणाऱ्या ज्वालामुखीचं तोंड आहे का?
— एक वाचक, जालना

उत्तर : नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा लाव्हा मुख्यतः लांबच लांब भेगांतून वाहिला, त्यामुळे शंकूसारखा डोंगर शोधण्यात अर्थ नाही. लोणारचं सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर बऱ्याच नंतर, तयार बसाल्टवर, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकावर, अशनी आदळून झालं. धक्क्याने काचेसारखं झालेलं फेल्डस्पार हे खनिज तिथे सापडतं. ते नुसत्या ज्वालामुखीने होत नाही. 2020 मध्ये लोणार सरोवर रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं.

प्रश्न : विहीर खणताना खडकाच्या पोकळीत पांढरे-गुलाबी स्फटिक लागले. मातीने माखलेत. ॲसिडने धुऊ का?
— एक शेतकरी, छत्रपती संभाजीनगर जिल्हा

उत्तर : ॲसिड अजिबात नको. ही बहुधा झिओलाइट कुळातली खनिजं : पेंढीसारखं स्टिल्बाइट, बारीक सुयांचं स्कोलेसाइट. लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे पोकळ राहिले, नंतर त्यांतून कोमट-गरम पाणी फिरलं आणि खडकातलं विरघळलेलं द्रव्य तिथे साचलं. यातली काही खनिजं हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये चक्क जेलीसारखी होतात. साध्या पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी मऊ ब्रशने धुवा, सावलीत वाळवा. उकळतं पाणी नको. सोबत ॲपोफिलाइट असेल तर ते पातळ चकत्यांत फुटतं. हवेत ठेवल्यावर भुकटी होऊ लागलेले पांढरे स्फटिक लोमोंटाइटचे असू शकतात. त्यातलं पाणी उडतं, धुण्यात दोष नसतो.

काढताना स्फटिकावर छिन्नी लावू नका, मागचा खडक चार बोटं ठेवून तोडा. गाव, गट क्रमांक आणि खोली चिठ्ठीवर लिहून ठेवा. चिठ्ठीविना नमुन्याचा अभ्यासाला फारसा उपयोग नाही. विकायचा विचार असेल तर आधी जिल्हा खनिकर्म कार्यालयात विचारा.

प्रश्न : गावाजवळ रस्त्याच्या कामात षटकोनी दगडी खांब उघडे पडलेत. लोक पाट्या-पाट्यांनी नेऊ लागलेत. वाचवायचे कसे?
— एक ग्रामपंचायत सदस्य, यवतमाळ जिल्हा

उत्तर : आधी खोदकाम थांबवायला लावा, बाकी सगळं नंतर. लाव्हा थंड होताना आकसतो, भेगा पडतात आणि थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात आत वाढत जातात. म्हणजे खांब शेजारी-शेजारी नुसते टेकून उभे असतात. पायथा कापला की पुढची रांग कलंडते, मग तिच्यामागची. जवळच्या सुरुंगाने भेगा आणखी सुटतात. मुंबईत अंधेरीच्या सुमारे 60 मीटर उंचीच्या गिल्बर्ट हिलला वारशाचा दर्जा आहे, तरी इमारती थेट पायथ्याला भिडल्यात. म्हणून नुसते खांब राखून भागत नाही, भोवतीची जागाही राखावी लागते.

कामाचा क्रम असा. मीटरपट्टी धरून फोटो काढा, जीपीएस नोंद घ्या, सातबारा काढून जमीन गायरान, वन की खासगी ते पाहा. ग्रामसभेचा ठराव करा. त्याची प्रत तहसीलदार, जिल्हा खनिकर्म अधिकारी आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला पाठवून स्थळपाहणी मागा. त्या गटात खाणपट्टा मंजूर आहे का, हे लेखी विचारा. तोंडी उत्तरावर विसंबू नका. गावच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीतही जागा टिपून ठेवा.

आणि उत्साहाच्या भरात भेगांत सिमेंट भरू नका. पाण्याची वाट बुजते, मागे दाब साठतो आणि पावसाळ्यात खांब ढकलले जातात. वरून येणारं पाणी छोटा चर काढून बाजूने वळवलं तरी पुरे. तारेचं कुंपण खांबांपासून त्यांच्या उंचीइतकं तरी लांब घाला. एखादा पडलाच तर आतच पडेल.